जोडीचा भोंगा

अमेरिकेतल्या लढाईनं कापसाला सोन्याचा भाव आला, तसा अकोल्याच्या वामनरावांना पोराच्या लग्नात इंग्रजांच्या छावणीसारखा बँड हवासा झाला. अमरावतीहून शालिकराम आपला भलामोठा पितळी भोंगा घेऊन आला. छावणीतला साहेब त्याला ट्युबा म्हणे. जोडीचा भोंगा मात्र आला नाही. तो वाजवणारा पुंजाराम पावसाळ्यात पटकीनं गेला होता.

एलिचपूरच्या छावणीत दोघं एकच धडा शिकले होते. एक सप्तक खाली उतरायचं ते जोडीदारानं वरचा सूर धरल्यावरच, आणि खालचा सूर सोडायचा तोही त्यानं सोडल्यावरच. एकट्यानं उतरलं की चाल अधांतरी लटकते.

वरात निघाली तसे वामनराव खेकसले, "अबे, काहून मेल्यावानी वाजवून राहिला? मागच्या साली छावणीत वाजवलं तसं खाली जा. जमीन हादरली पाहिजे!"

"मालक, वरचा सूर धराले पुंजाराम नाही ना."

"मेलेल्याचं गाऱ्हाणं लग्नात सांगतं काय? वाजव!"

शालिकराम एकटाच खालच्या सुरात उतरला. दारांच्या कड्या थरथरल्या, वामनराव खूश झाले. सनईवाला तेवढा चाल हरवून मागं वळून पाहू लागला.

मांडवाच्या दारात सगळी वाद्यं थांबली. शालिकराम थांबेना. त्याचे डोळे डाव्या हाताला, पुंजारामच्या जागेवर लागले होते.

"अबे, बस झालं!" वामनराव ओरडले.

शालिकरामच्या गालांवरून पाणी ओघळलं, छाती रिकामी झाली, पण डावीकडचा कोणी सूर सोडीना.