टाऊन हॉलला नाव कोणाचं?

त्या आठवड्यात नगरसेवक हेमराजच्या ओट्यावर सकाळपासून माणसं बसलेली असायची आणि चहाचं पातेलं चुलीवरून उतरत नव्हतं. विषय एकच होता: नव्यानं उभ्या राहणाऱ्या जुन्या टाऊन हॉलला नाव कोणाचं द्यायचं? तुमच्याआमच्या गावात चौकावरून, कमानीवरून असे वाद होतातच. पाण्याची टाकी कोरडी पडली तर चार माणसं जमत नाहीत, पण नावाची पाटी म्हटलं की चारशे जमतात.

नंदुरबार जिल्ह्यातलं, तापीच्या पट्ट्यातलं हे तालुक्याचं गाव. टाऊन हॉल इंग्रजांच्या काळातला, सागवानी छताचा, चुन्याच्या भिंतींचा. वीस वर्षं तो कुलूप लावून पडला होता. मग नगरपालिकेला निधी मिळाला आणि वाहिद मिस्त्रीनं काम हाती घेतलं. चुना दळायच्या दगडी घाणीत गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून जुन्या पद्धतीचा गिलावा चढू लागला. वाहिदचा मुलगा अझरुद्दीन कमानींवरची वेलबुट्टी पुन्हा घडवत होता. गेल्याच वर्षी त्याचं लग्न झालं होतं.

हेमराजचं म्हणणं होतं की त्याचे आजोबा बन्सीलाल हे गावचे गाजलेले नगराध्यक्ष, तेव्हा नाव त्यांचंच. दुसऱ्या गटाचा वीरसिंग म्हणत होता, नाव आमच्या वडिलांचं. दोन्ही घरं बागायतदार, दोन्हींकडे ट्रॅक्टर आणि दोन्हींकडे रिकामी पोरं. गुद्द्यावर येण्याइतकं इंधन दोन्हीकडे होतं.

ठरावाच्या दिवशी बैठक हॉलमध्येच घेतली, काम चालू असताना. हेमराज उठून आजोबांविषयी बोलू लागला. मागून कोणीतरी त्यांच्याविषयी घाणेरडा शब्द टाकला. कोणी टाकला ते आजही कोणाला माहीत नाही. पहिली खुर्ची हेमराजच्या चुलतभावानं, भाग्येशनं फेकली. ती वीरसिंगच्या कपाळावर बसली आणि त्याचा पांढरा सदरा बघता बघता लाल झाला.

मग काही धरबंद राहिला नाही. बाहेर थांबलेली माणसं लाठ्या घेऊन आत घुसली. खिडक्यांच्या नव्या काचा फुटल्या, त्याच काचा हातात घेऊन माणसं माणसांवर धावली. एकाच्या तोंडावर विटेचा घाव बसला, तो दात थुंकत भिंतीला धरून खाली बसला. नुकत्याच पॉलिश केलेल्या फरशीवर रक्तानं पाय घसरत होते. हेमराजच्या पाठीत दोन लाठ्या बसल्या. त्याच्या डोळ्यांपुढे लाल झालं. हाताला काहीतरी हवं होतं. समोर गिलाव्यासाठी उभारलेली परांची होती. त्यानं तिच्या तळाचा लोखंडी पाइप दोन्ही हातांनी धरला आणि हिसडा देऊन ओढला.

वर अझरुद्दीन होता. भांडण सुरू होताच खाली उतरायला वाट उरली नव्हती, म्हणून तो कमानीला चिकटून बसला होता. पाइप निघाला, परांची एका अंगाला कलली आणि फळ्या, पाइप, चुन्याची घमेली यांसकट तो खाली आला. हाड मोडल्याचा आवाज हेमराजनं त्या गोंगाटातही ऐकला. फळ्यांखालून अझरुद्दीनचा पाय बाहेर आला होता, पण तो पायासारखा दिसत नव्हता.

पाइप हेमराजच्याच हातात होता. त्यानं तो टाकून दिला आणि गर्दीबरोबर बाहेर पळाला.

दुपार कलायच्या आत गावभर झालं की वीरसिंगच्या माणसांनी परांची ढकलली. नंदुरबारच्या दवाखान्यातून फोन आला, अझरुद्दीनचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. वाहिदच्या मोहल्ल्यातली तरणी पोरं दवाखान्याच्या आवारात जमली. भाग्येश आनंदानंच हेमराजच्या घरी धावत आला. सांगू लागला, आता मोहल्ल्यातली पोरं आपल्या बाजूनं आहेत, संध्याकाळी वीरसिंगचं गोदाम पेटणार, आपण फक्त गप्प राहायचं. हेमराज खाली मान घालून ऐकत राहिला.

आतल्या खोलीतून त्याची फुई, म्हणजे आत्या, सुंदरबाई बाहेर आली. ती एके काळी याच हॉलमध्ये नगरसेविका म्हणून बसलेली बाई. भाग्येश जाईपर्यंत ती दारात थांबली. मग हेमराजच्या समोर बसली.

"पाइप कोनी काढा?" तिनं विचारलं.

हेमराजनं हाताचे तळवे मांडीखाली लपवले. तिला उत्तर मिळालं.

मग तिनं त्याला जे सांगितलं, ते त्याला घरात कोणी कधी सांगितलं नव्हतं. हॉल बांधायला गावात कोणी धनिक पुढे आला नव्हता. कोणी गाडीभर दगड दिला, कोणी चुना. ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांनी अंगमेहनत दिली. म्हणून त्यावर कोणाचं नाव घालायचं नाही, असं गावानं तेव्हाच ठरवलं होतं. आणि त्याचे आजोबा बन्सीलाल नगराध्यक्ष असताना त्यांच्या नावाची पाटी आली, तर त्यांनी स्वतः ती परत पाठवली होती.

"तापीले पूर उना तव्हय आम्ही त्याच हॉलमा ऱ्हायनूत," ती म्हणाली. "वाहिदनी माय चूल पेटाडे, मन्ही माय भाकरी टाके. हॉल कोना शे, कोनी इचारं नही. आते तू नाव लावाले निंघना. गोदाम पेटी, उद्या कोनं तरी पोरगं मरी. मंग त्या भिंतवर कोनं नाव लिखशी, हेमराज?"

हेमराज उठला आणि मोटारसायकल काढून नंदुरबारला गेला.

दवाखान्याच्या आवारात पोरांच्या हातात रॉकेलचे डबे होते. तो सरळ त्यांच्या मधोमध गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "वीरसिंगना माणसे नहीत. परांचीना पाइप मी काढा."

पोरांनी डबे खाली ठेवले. मग पहिला ठोसा त्याच्या नाकावर बसला. तो पडला. लाथा बरगड्यांत, तोंडावर, हातांवर बसल्या. त्यानं हात वर केले नाहीत. एकानं दगड उचलला, तेव्हा वाहिद मिस्त्री जिना उतरून आला आणि त्यानं तो हात वरच्या वर धरला.

"बस," वाहिद म्हणाला. "मन्हा पोऱ्याना पाय याले मारीसन परत येवाव नही." मग तो हेमराजकडे वळला. "माफी मांगू नको. माले देता येवाव नही. जे अठे सांगं, ते ठाण्यात जाईसन सांग."

रक्तानं भरलेल्या तोंडानं हेमराज पोलीस ठाण्याची पायरी चढला. त्या संध्याकाळी कोणाचंही गोदाम पेटलं नाही.

हेमराजवर खटला उभा राहिला, शिक्षा झाली, नगरसेवकपद गेलं. अझरुद्दीन पुन्हा परांचीवर चढला नाही. आता तो खाली बसून नक्षीचे साचे कोरतो. वाहिदनं हॉलचं काम पुरं केलं, पण हेमराजला माफ केलं नाही. कपाळावर टाके घेऊन बसलेल्या वीरसिंगनं आपल्या वडिलांच्या नावाचा ठराव स्वतःच मागे घेतला.

नागरिकहो, सार्वजनिक इमारत कोण्या एकाच्या आजोबाची नसते. ती सगळ्यांच्या आजोबांनी मिळून उभी केलेली असते. तिच्यावर आपलं नाव असावं म्हणून हातात लाठी घेणारा माणूस तिला एकट्यासाठी हिसकावत असतो. पूर्वजांचा मान राखायचा असेल तर त्यांनी जे सर्वांसाठी ठेवलं, ते सर्वांचंच राहू द्या.

शिक्षा भोगून हेमराज परतला, तेव्हा हॉलमध्ये पाणीपुरवठ्यावर सभा चालू होती. दार सताड उघडं होतं, वर कोणाच्याही नावाची पाटी नव्हती. तो आत गेला आणि सगळ्यांच्या मागे, जिथे जागा होती तिथे बसला.