ज्यात कुणी मरत नाही अशी कादंबरी

नळदुर्गच्या आमच्या वाचनालयात नव्या कादंबऱ्यांचं पार्सल आलं की मला माहेरचं माणूस आल्यासारखं होतं. त्या दिवशी कुणी नुसतं वर्तमानपत्र चाळायला आलं, तर माझं डोकंच फिरतं.

वीरप्पाकाका मात्र कादंबरीच मागायला आले. एसटीत पस्तीस वर्षं कंडक्टर असलेला हा माणूस एरवी कामापुरतंच बोलतो.

"गंगम्मासाठी पायजे," ते म्हणाले. "सोमवारी सोलापुरात तिचं हृदयाचं ऑपरेशन हाय. लई भ्याली. शाळा कन्नडमधी झाली, मराठी वाचता येत न्हाय, म्हणून म्या वाचून दाखवतो. फकस्त त्यात कुणी मरायला नको."

मी उत्साहानं सुरू झाले. "ही रहस्यकथा न्या काका. शेवटपर्यंत खुनी कोण ते कळत नाही."

"म्हंजी खून हाय."

"मग ही ऐतिहासिक. किल्ल्याला वेढा पडतो..."

"येढ्यात मानसं मरत्यात."

मंगळावर वस्ती करणाऱ्यांची नवीकोरी विज्ञान कादंबरी काढली. काकांनी विचारलं, "तिथली हवा संपती का?" संपते, आठव्या प्रकरणात. भुताची मी स्वतःच बाजूला ठेवली. भूत व्हायचं तर आधी मरावं लागतं.

शेवटी वैतागून एक प्रेमकथा त्यांच्या हातात कोंबली. "ही घ्या. मी वाचलीय. सगळे सुखरूप आहेत."

वाचली नव्हती. मागच्या कव्हरवरच्या चार ओळी बघून शिफारस ठोकणं हे आमच्या कामातलं पाप, आणि मी ते बिनदिक्कत केलं.

शनिवारी तिचीच दुसरी प्रत चाळायला घेतली. शेवटून तिसऱ्या पानावर नायिका ऑपरेशनच्या टेबलावरच प्राण सोडते. गंगम्माकाकूंनी हे ऐकलं तर त्या सोमवारी घराबाहेर पाऊल टाकणार नाहीत. वाचनालयाला कुलूप घातलं आणि भर उन्हात त्यांच्या घराकडं निघाले.

काकू कॉटवर डोळे मिटून पडल्या होत्या. काका उशाशी बसून वाचत होते. पुस्तकाची दोनच पानं उरलेली. मी दारातच थबकले.

"मग ती शुद्धीवर आली," काका वाचत होते. "नवरा तिला म्हनला, तू दवाखान्यात व्हतीस तवा मला घरात बसवंना. चहा करायला गेलो तर साखरंचा डबा घावंना. मला कदी बोलता आलं न्हाय, पर तुज्याबिगर माजं कायबी खरं न्हाय."

हे पुस्तकात नव्हतं. पुस्तकातला नवरा पुण्यातला इंजिनिअर होता आणि प्रमाण मराठीत बोलायचा. काकांची नजर पानावर होती, पण डोळ्यांत इतकं पाणी साचलेलं की एक अक्षरही दिसत नसणार. मला या माणसाची इतकी माया आली की माफी मागायला आलेली मी उंबऱ्याबाहेरच थांबले.

"संपली," असं म्हणून काकांनी पुस्तक मिटलं.

काकूंनी डोळे न उघडताच त्यांचा हात धरला.

"मिटू नका," त्या म्हणाल्या. "लगीन होऊन चाळीस वर्सं झाली. आज पयल्यांदा बोलायलात. आजून थोडं वाचा."