सातांतली चौथी

मालनबाईंना त्या वर्षी वर्षावासात एकच गोष्ट हवी होती. सायखेड्याला बहिणीकडं जाऊन आठ दिवस आडवं पडायचं. नवं लुगडं नको, देशदर्शन नको. नुसतं पडून राहायचं, आणि कुणी "अगं" म्हणून हाक मारलीच तर ती दुसऱ्या कुणाला असावी. दवाखान्यात आयाची नोकरी करून त्यांचे पाय असे झाले होते की संध्याकाळी चपला काढल्या तरी पायांना त्याचा पत्ता लागत नसे.

रजा मंजूर झाली होती. थोरली बहीण आक्काबाई हिचा निरोपही आला होता. अडचण एकच उरली होती, आणि ती घरातच खुर्चीवर बसून चष्मा शोधत होती. जयरामराव, मालनबाईंचे यजमान. छापखान्यातून निवृत्त झालेले, आणि नाशिकरोडच्या वसाहतीतल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन करणारे. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. मात्र कपाळावर चढवलेला चष्मा इतक्या वर्षांत त्यांना एकदाही आपला आपण सापडला नव्हता.

"तू गेल्यावर माझं कसं?" असं त्यांनी विचारलं नाही. ते वाचणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "वर्षावास संपला की जा. धम्मकार्यात खंड नको."

"धम्मकार्य तुम्ही करताय. मी विहारातली खीर ढवळते."

"ते काय वेगळं आहे?"

भांडायलाही अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं. मालनबाईंनी उठून त्यांच्या कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि भाकरी टाकायला गेल्या.

शनिवारी विहारात गर्दी असे. पांढरी लुगडी नेसून बाया एका बाजूला बसत, पुरुष दुसऱ्या बाजूला. समितीचे अध्यक्ष धोंडीरामदादा कचेरीत कारकून होते, आणि त्यांना एक गोष्ट फार दिवस खुपत होती. वाचन सुरू झालं की बाया डुलक्या घेत. हे खरंच होतं. दिवसभरात त्यांना बसायला मिळायची अशी ती एकच जागा होती.

म्हणून दादांनी शाळेतल्यासारखी चाचणी घ्यायचं ठरवलं. ग्रंथातला प्रसंगही तसाच निवडला. एका शेठच्या घरी तोंडाळ सून होती, तिला भगवंतांनी पत्नींचे सात प्रकार सांगितले. पहिली नवऱ्याच्या जिवावर उठलेली, दुसरी त्याची कमाई चोरणारी, तिसरी हुकूम सोडणारी. मग चांगल्या चार. आईसारखी, बहिणीसारखी, सखीसारखी, आणि सातवी दासीसारखी. भगवंतांनी विचारलं, तू यांतली कोणती? सून वरमली आणि म्हणाली, आजपासून मला दासी समजा.

जयरामरावांनी ग्रंथ मिटला. धोंडीरामदादा उठले. "आता प्रत्येक भगिनीनं सांगायचं, आपण कोणती."

बायांत कुजबुज झाली. उत्तर तर पुस्तकातच दिलेलं होतं. चाचणीत ज्याचं उत्तर पुस्तकात आहे तिथं स्वतःचं डोकं चालवू नये, एवढं सगळ्यांना आपापल्या पोरांमुळं ठाऊक होतं. पुढं बसलेल्या शकुबाई उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "दासी."

"दासी," त्यांची शेजारीण म्हणाली.

"काय गं, काय सांगायचं?" मागून कुणीतरी विचारलं.

"सात नंबर सांग आणि बस."

अशी रांग पुढं सरकू लागली. पुरुषांच्या बाजूला समाधान पसरत होतं. धोंडीरामदादांना मात्र घाम फुटला. जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवर उभं राहून, या वसाहतीत आता कुणी कुणाचा दास उरला नाही, हे त्यांनीच घसा बसेपर्यंत सांगितलं होतं. आणि आज बाबासाहेबांच्या फोटोसमोर, त्यांच्याच अध्यक्षतेखाली, बाया ओळीनं उठून दासी असल्याचं जाहीर करत होत्या. दादा फोटोला पाठ करून उभे राहिले. पण मग समोर बाया आल्या.

"जरा विचार करून सांगा, बायांनो."

"विचार करूनच सांगतोय दादा," बायडाबाई म्हणाल्या. "विचार केला तर लयच पक्कं झालं."

मालनबाई भिंतीला टेकून झोपल्या होत्या. शेजारणीनं कोपर मारलं तेव्हा त्या दचकून उठल्या. प्रश्न त्यांनी डोळा लागण्याआधी ऐकला होता, उत्तरं ऐकली नव्हती. बरोबर उत्तर शोधायचं त्राण नव्हतं, म्हणून त्यांनी खरं सांगितलं.

"आई."

जयरामराव खूश झाले. चौथा नंबर चांगल्यांत होता. धोंडीरामदादा तर त्याहून खूश. "वा! मातेसमान पत्नी. जयरामदादा, तेवढं पुन्हा वाचा."

जयरामरावांनी खणखणीत आवाजात वाचलं. आई लेकराला जपते तशी ती पतीला जपते.

"तेच," मालनबाई म्हणाल्या. "उठवायचं, न्हाणीत पाणी ठेवायचं, चष्मा शोधायचा, निघताना रुमाल घेतला का बघायचं. पोटची पोरं शाळेत जायला लागली तशी आपली आपण जेवायला लागली. यांना आता साठी उलटून गेली. तर आई म्हणून मला असं वाटतं दादा, की लेकरू मोठं झालंय. एकटं सोडून बघावं. मी सोमवारी सायखेड्याला जाते."

त्या खाली बसल्या. विहारात कुणी हसलं नाही. जयरामराव ग्रंथाची शिवण तपासू लागले.

शकुबाई पुन्हा उठल्या. "दादा, माझं सात नंबर खोडा. चार करा."

"आम्ही काही लिहून घेतलेलं नाही, शकुबाई."

"मग आता लिहून घ्या."

घरी जाताना जयरामराव म्हणाले, "चारचौघांत बोलायची काय गरज होती?"

"विचारलं चारचौघांत."

सोमवारी मालनबाई गेल्या. आक्काबाईच्या ओसरीवर बाज होती, तिच्यावर पडल्या. पहिल्या दिवशी त्यांना झोप आली नाही. कान नाशिकरोडलाच होते. दूध उतू गेलं असेल, कडी लावायची राहिली असेल. दुसऱ्या दिवशी थोडी लागली. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं जयरामराव आले.

"जयभीम, आक्का."

"जयभीम. काय हो, अचानक?"

जयरामराव बाजेकडं बघत म्हणाले, "चहाची पत्ती कुठं असते?"

"ते विचारायला एसटीनं आला?" आक्काबाई म्हणाली.

"पत्र टाकलं असतं तर उशीर झाला असता."

मालनबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. त्यांना पक्कं ठाऊक होतं, आता उठून बसलं की संध्याकाळच्या गाडीत आपण आहोत. त्यांनी मान वळवली नाही. सदऱ्याची बटणं चुकीची लावली असणार, हे न बघताच कळत होतं.

"साखरेच्या डब्यामागं," त्या भिंतीला म्हणाल्या.

"आणि साखर?"

"पत्तीच्या पुढं."

आक्काबाईनं कपाळाला हात लावला. "आलाच हाय तर राहा दाजी. पण माझ्या घरात बसून खायला फक्त हिला परवानगी हाय. हंडा रिकामा पडलाय. हापसा त्या लिंबाखाली."

मग हंडा उचलल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं हापशाचा खडखडाट. कोरडा. मालनबाईंना आवाजावरून कळलं, यांनी आधी वरून पाणी ओतलेलं नाही. तांब्याभर पाणी ओतल्याशिवाय तो जुना हापसा पाणी खेचत नसे. असंच चाललं तर ते दुपारपर्यंत दांडा हलवत बसतील आणि रात्री पाठ धरून बसतील. वाक्य त्यांच्या ओठापर्यंत आलं. त्या कोपरावर थोड्या उठल्यासुद्धा.

मग त्या पुन्हा आडव्या झाल्या.

खडखडाट बराच वेळ चालला. मध्येच थांबला. लिंबाखाली कुणी बाई हसली, "अवो भाऊ, आधी त्याला पाजा, मग तो तुम्हाला पाजल." पुन्हा दांडा हलला, आणि हंड्याच्या तळावर पाणी वाजलं.

मालनबाईंनी डोळे मिटले. झोप काही लगेच लागली नाही. पण उठावंसंही वाटलं नाही, आणि त्या दिवसापुरतं त्यांना तेवढं पुष्कळ होतं.