न उघडलेल्या पाकिटावरचा शिक्का

मित्रांनो, माझे तोंड लाल आहे आणि त्यावरची अक्षरे उलटी आहेत. मी एक जुना रबरी शिक्का आहे. कागदावर टेकलो की सुलट उमटतो: 'अति गोपनीय'. आज मी काचेच्या पेटीत बसून आहे, पण एके काळी माझ्यावाचून एका मोठ्या इमारतीचे पान हलत नसे. यात थोडी बढाई आहे हे मला मान्य आहे. पुढचे ऐकाल तर ती आपोआप उतरेल.

एका कारागिराने माझी लाकडी मूठ घासून गुळगुळीत केली, रबर कोरले आणि पहिला ठसा रद्दी कागदावर मारून पाहिला. शिक्का कोणत्या ऑफिसचा, असे त्याने न्यायला आलेल्या शिपायाला विचारले. शिपाई नुसताच हसला आणि मला खिशात टाकून निघाला.

ती इमारत देशाच्या गुप्तवार्ता संस्थेची होती. बाहेर पाटी नव्हती. गुप्तवार्ता म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे भिंतीवरून उड्या मारणारी माणसे येत असतील. मी पाहिली ती चष्मा लावलेली, मान मोडून वाचत बसणारी माणसे. समोरचा चहा गार झालेला असे आणि त्यांच्या ते ध्यानातही नसे. अमुक जहाज दोन दिवस उशिरा का आले, एकाच माणसाने तीन ठिकाणी खोल्या भाड्याने का घेतल्या, असले बारीकसारीक तुकडे ती जुळवत. जुळले तर एखादे संकट टळे. टळलेले संकट कोणाला दिसत नाही, म्हणून त्यांची पाठही कोणी थोपटत नसे. मला त्या माणसांचे फार कौतुक होते आणि आजही आहे.

मी हेडक्लार्कच्या हातात असे. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. माणूस सज्जन, वेळेचा पक्का, पण हात मोठा सढळ. समोर कागद आला की ठप्प. एकदा लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद राहणार असल्याची सूचना टाइप होऊन आली. भाऊसाहेबांनी सवयीने तिच्यावर मला टेकवले आणि ती कपाटात कुलूपबंद केली. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आणि दोन अधिकारी तासभर लिफ्टमध्ये अडकले. मजल्यामजल्यावर हशा पिकला. मीही मनातल्या मनात हसलो. तेव्हाच जरा शहाणपण सुचले असते तर बरे झाले असते, असे आता वाटते.

भाऊसाहेबांच्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसत. बंदराकडून येणारी माहिती वाचायचे काम त्यांचे. बारीक अक्षर, कमी बोलणे, आणि तुकडा जुळेपर्यंत जागचे न उठणे. त्यांचा थोरला भाऊ त्याच बंदरातल्या प्रवासी बोटीवर इंजिन सांभाळत असे. बाई त्याला दादा म्हणत. वडील लवकर गेल्यामुळे दादानेच त्यांना शिकवले होते. डब्यातला एखादा पदार्थ भाऊसाहेबांपुढे सरकवताना त्या हमखास सांगत, की हे आज दादाने केले आहे.

एका सोमवारी बाईंचे तुकडे जुळले. धक्क्यावरच्या तिकीटघराजवळ कोणीतरी स्फोटके ठेवणार होते, चार-पाच दिवसांत कधीही. बाईंनी अहवाल लिहिला. समासात स्वतःच्या हाताने लिहिले, 'धक्क्यावर आजच कळवा.' मोठ्या साहेबांनी लगेच सही केली. भाऊसाहेबांनी कागद पाकिटात घातला, लाख लावून मोहोर केली आणि वर मला दाबले, ऑफिसात ठेवायच्या प्रतीवरही. पाकिटावर माझ्याखाली नेहमीची ओळ होती: अधिकार असलेल्या व्यक्तीनेच उघडावे. पाकीट त्याच दुपारी धक्क्यावर पोचले आणि त्याची पोचही आली.

घरी बोलायचे नाही अशी शपथ बाईंनी नोकरी लागताना घेतली होती. दादा रोज सकाळी त्याच तिकीटघरासमोरून बोटीवर जात असे. एकट्या भावाला सावध करायचे आणि बाकीच्यांना वाऱ्यावर सोडायचे, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी पाकिटावर भरवसा ठेवला. मंगळवारी त्यांनी विचारले, कळवले का? पोच आली आहे, असे भाऊसाहेब म्हणाले. बुधवारी पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर. दोन्ही वेळा बाईंनी अहवालाच्या प्रतीवर तारीख घालून लिहून ठेवले, 'विचारले.'

गुरुवारी सकाळी तिकीटघर उडाले. दोन हमाल जागच्या जागी गेले. दादा वाचला, पण त्याचा डावा कान कायमचा गेला.

चौकशीसाठी एक निवृत्त न्यायाधीश बाई आल्या. पुरावा म्हणून मलाही टेबलावर ठेवले होते. धक्क्याचे सुरक्षा अधिकारी ते पाकीट घेऊन आले. त्यावरची लाख जशीच्या तशी होती.

"उघडलं का नाही?" न्यायाधीश बाईंनी विचारले.

"वर लिहिलं होतं, अधिकार असलेल्यानंच उघडावं. मला तो अधिकार नव्हता. म्हणून तिजोरीत जपून ठेवलं," ते म्हणाले. त्यांच्याच धक्क्यावरची माणसे गेली होती.

मग न्यायाधीश बाई भाऊसाहेबांकडे वळल्या. "आणि तुम्ही हा शिक्का का मारलात?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. "नेहमी मारतो म्हणून," ते म्हणाले.

मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या लाल तोंडाची लाज वाटली. खोटे कोणीच बोलले नव्हते, कामचुकारही कोणी नव्हते. ज्यांना वाचवायचे त्यांच्यापासूनच मी बातमी लपवली होती.

अहवाल लिहिणाऱ्या बाईंच्या घरात वेगळेच घडले. संस्थेला आधीच सुगावा लागला होता, असे वर्तमानपत्रांत छापून आले. दादाने इस्पितळातून आल्यावर एकच प्रश्न विचारला, "तुला माहीत होतं?" बाई गप्प राहिल्या. चौकशीचे कागदही गुपितच होते आणि शपथ मोडता येत नव्हती. त्या दिवसापासून दादाने बोलणे टाकले आणि तो वेगळा राहू लागला. घरी कोणाचे आजारपण निघाले की तो येई, पण बसताना न चुकता डावी बाजू बाईंकडे करून बसे. हे बाईंनी एकदाच भाऊसाहेबांना सांगितले आणि लगेच फाइल उघडली.

दुसरे कोणी असते तर नोकरी सोडून गेले असते. बाईंनी चौकशी समितीला आठ पानांचे टिपण दिले. त्यातली मुख्य गोष्ट अगदी साधी होती. यापुढे प्रत्येक इशाऱ्याचे दोन कागद करायचे. बातमी कुठून आणि कोणाकडून मिळाली, तो कागद कुलपात. काय घडू शकते आणि काय करायचे, तो कागद साधा, शिक्क्याशिवाय, आणि तासाभरात ज्याला गरज आहे त्याच्या हातात. पाठवणाऱ्याने फोन करून विचारायचे, वाचलात का? नुसती पोच चालणार नाही.

जुन्या खोडांनी खूप कुरकुर केली. गुपिते अशी वाटत सुटलो तर उद्या दुकान बंद करावे लागेल, असे कोणी म्हणाले. पण मोठे साहेब बाईंच्या पाठीशी उभे राहिले. टिपण मान्य झाले, शिवाय लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींची एक समिती वर्षातून दोनदा येऊन प्रश्न विचारू लागली. शिक्का मारणाऱ्याने नाव, कारण आणि कागद कधी खुला होणार ती तारीख लिहायची, असा नियम झाला. पहिल्या दिवशी भाऊसाहेबांनी सवयीने मला उचलले, कारणाच्या रकान्यापाशी थांबले, आणि गुपचूप खाली ठेवले. मी आयुष्यात पहिल्यांदा दुपारभर कोरडा राहिलो. खरे सांगतो, वाईट वाटले नाही.

दोन वर्षांनी शहराच्या पाणीपुरवठा केंद्राबद्दल असाच इशारा आला. साधा कागद गेला, तिथल्या पहारेकऱ्याने तो मोठ्याने वाचून फोनवर ऐकवला, दारे बंद झाली, दोन माणसे पकडली गेली. दुसऱ्या दिवशी लोकांनी नळ सोडले, पाणी आले, आणि कोणी काही विचारले नाही. बाईंनी त्या दिवशी चहा गरम असताना प्यायला.

वर्षे गेली. भाऊसाहेब निवृत्त झाले. माझे रबर झिजले आणि मला इमारतीतल्या नव्या वाचनालयात या पेटीत ठेवले. मुदत संपलेले जुने कागद इथे कोणालाही वाचता येतात.

गेल्या महिन्यात धक्क्याच्या कागदांची तारीख आली. बाईंचे केस आता पिकले आहेत. त्या स्वतः दादाला घेऊन आल्या. दादा काठी टेकत आला आणि टेबलाशी बसला, डावी बाजू बाईंकडे. ग्रंथपालाने माझ्या लाल ठशावर दोन रेघा मारून अहवालाची ती प्रत त्याच्यापुढे ठेवली. दादाने समासातली ओळ वाचली. मग मंगळवारची तारीख. मग बुधवारची. बारीक अक्षर त्याने ओळखले, त्यानेच गिरवून घेतले होते ते.

"रोज विचारत होतीस?" तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. देशाला गुपिते राखणारी माणसे हवीत, त्यांचा मान ठेवा. पण माझ्यासारखा शिक्का कधी हाती आला, तर दाबण्याआधी क्षणभर थांबा आणि विचारा, हे कोणापासून लपवतो आहोत? माझी एक सवयीची ठप्प पुसायला दोन रेघा पुरल्या. त्यासाठी बावीस वर्षे लागली.

दादाने कागद खाली ठेवला आणि उजव्या हाताची खुर्ची ओढली.

"इकडं येऊन बस," तो म्हणाला. "या बाजूनं ऐकू येतं मला."