दोघींत एक बॅग

तिकिटं काढली तेव्हा दोघी बोलत होत्या.

स्वस्तातल्या विमानकंपनीचा सेल लागला होता. वहिनी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात बसली होती आणि तिची नणंद, म्हणजे वन्सं, तिच्या खांद्यावरून डोकावून एकेका खर्चावर काट मारत होत्या. शेजारशेजारची सीट हवी असेल तर जास्तीचे पैसे. "कशाला? जन्मभर एका जिन्यावर राहतोय, दोन तास लांब बसलो तर झिजणार नाही." विमानातलं खाणं? "घरून नेऊ." सामानाच्या बॅगेपाशी थोडी चर्चा झाली आणि दोघींत मिळून एकच घ्यायचं ठरलं. परगावी असलेल्या वहिनीच्या मुलीला बाळ व्हायचं होतं. असली तिकिटं होती म्हणून तर तिच्याकडे वर्षातून दोन-तीनदा जाणं व्हायचं. एरवीच्या भाड्यात एकदा जमलं असतं, तेही मन घट्ट करून. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, पैसे परत नाहीत, तारीख बदलणार नाही, नाव बदलणार नाही.

"आपण तरी कुठे बदलतोय?" वन्सं म्हणाल्या होत्या.

त्यानंतर वहिनीने अवजारं देऊन टाकली.

अवजारं तिच्या नवऱ्याची, म्हणजे वन्संच्या धाकट्या भावाची. दिवसा तो टपाल कचेरीत बसायचा आणि संध्याकाळी गच्चीवरच्या खोलीत लाकूडकाम करायचा. रंधे, पटाशा, करवती, सगळं तेल लावून भिंतीवर टांगलेलं. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. एका सकाळी तंत्रशाळेचा टेम्पो आला आणि भरून गेला. तेव्हा वन्सं कामावर होत्या; चष्म्याच्या दुकानात त्या काचा घासायच्या. संध्याकाळी त्यांनी वर जाऊन भिंतीवरचे रिकामे खिळे पाहिले, खालच्या मजल्यावर आपल्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं वहिनीला वाटलं.

वहिनी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. गढूळ पाणी न हलवता ठेवलं की गाळ आपोआप खाली बसतो, हे ती रोज बघायची. म्हणून तिने वाट पाहिली. महिना उलटला, गाळ काही बसेना.

मधल्या काळात बाळ झालं आणि जायची तारीख जवळ आली. वन्संचा भाचीवर राग नव्हता, शिवाय पैसे भरलेलं तिकीट वाया घालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. तेव्हा जायचं दोघींनी, हे न बोलताच ठरलं. राहिली बॅग. वहिनीने आपली अर्धी बाजू भरली आणि बॅग जिन्याच्या मधल्या टप्प्यावर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी ती तिच्या दाराशी उभी होती, दुसरी बाजू भरलेली, चेन लावलेली. दुसरीच्या बाजूला कुणीच डोकावलं नाही. तेवढी सभ्यता भांडणातही पाळायची असते.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने बॅग काट्यावर ठेवायला सांगितली, आकड्याकडे बघितलं आणि ओठ मुडपले.

"चार किलो जास्त आहे. पैसे भरा, नाहीतर सामान कमी करा."

भरायचे ते किती, हे ऐकल्यावर वन्संनी महिन्याभरात पहिल्यांदा वहिनीकडे नीट पाहिलं. तेवढ्यात दोन्ही तिकिटं आली असती.

बॅग बाजूला नेऊन जमिनीवर उघडली. दोन थर्मास. दोन छोट्या इस्त्र्या. दोन छत्र्या. बदाम-अक्रोडाचे दोन मोठे डबे. अजून मानही न धरणाऱ्या बाळासाठी बुटांचे दोन जोड. दर प्रवासात औषधपाणी आणि अडीअडचणीचं वन्सं घ्यायच्या, खाऊ-कपडे वहिनी. या वेळी एकमेकींवर भरवसा नको म्हणून दोघींनी सगळंच घेतलं होतं.

वहिनीने गुडघे टेकले आणि हाताला आला तो थर्मास बाहेर काढला. तो वन्संचा होता.

"विचारल्याशिवाय काढून टाकायची सवयच लागलीय तुला," वन्सं म्हणाल्या.

वहिनीने थर्मास परत जागेवर ठेवला.

"थर्मास काढू?"

"तुझा काढ. माझ्यात पाणी गरम राहतं."

"बरं. इस्त्री?"

"कुणाची?"

"तुमची."

"बघते." वन्संनी ती हातात घेऊन पाहिली. "काढ."

असं एकेक वस्तू विचारत काम चाललं. रांगेतली माणसं त्यांना वळसा घालून पुढे जात होती. तळाशी शेकायच्या रबरी पिशव्याही दोन निघाल्या.

"ही एक कशाला आणलीत? माझी होती की."

"तुझी गळते. मागच्या खेपेला पाठ राहिली बाजूला, गादीच शेकलीस."

वहिनी पिशवी हातात धरून बसली.

"वन्सं, मी विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हटलंच असतं."

"दर रविवारी मी अवजारांना तेल लावायला वर जायचे. तिथं रडून घ्यायचे आणि खाली येऊन तुम्हाला सांगायचे, गच्ची झाडली. पुढचा रविवार मला झेपणार नव्हता."

वन्संनी बॅगेची चेन अर्धी ओढली.

"हे मला सांगायचंस."

"तरी नाहीच म्हणाला असतात."

"नाहीच म्हटलं असतं. मग तू भांडली असतीस. मी काय गप्प बसणारी होते? दोन दिवस एकमेकींच्या हातचं खाल्लं नसतं. आणि मग दिलीच असती की. त्यातला पहिला रंधा माझ्या पहिल्या पगाराचा होता, तो तरी मी माझ्या हातांनी टेम्पोत ठेवला असता." त्यांचा आवाज खाली आला. "तू अवजारं दिलीस त्याचं नाही गं. माझं भांडणसुद्धा परस्पर देऊन टाकलंस."

दिल्याचा पश्चात्ताप वहिनीला अजूनही होत नव्हता आणि खोटं बोलणं तिला जमत नसे.

"दिली ते चुकलं नाही," ती म्हणाली. "न भांडता दिली, ते चुकलं."

"मावशी, काउंटर बंद होतंय," मुलीने हाक मारली.

काढलेल्या वस्तू तिथल्या सफाईवाल्या बाईंना द्याव्यात का, हे वहिनीने विचारलं. वन्संनी मान डोलावली.

विमानात वहिनीला सीट मिळाली पुढे आणि वन्संना शेवटून दुसऱ्या रांगेत, संडासाजवळ. दोन तास वहिनी पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिली. समेट झाला का, हे तिला सांगता आलं नसतं. पुरावा अपुरा होता. एकदा तिने वळून पाहिलं, तर वन्सं शेजारच्या माणसाला पाण्याच्या बाटलीच्या किमतीवरून काहीतरी ऐकवत होत्या.

ही विमानं उतरतात तिथून गाव भलतं लांब. तिकिटावर गावाचं नाव आणि उतरल्यावर नजर जाईल तिथवर शेतं. दर वेळी दोघी त्या बसप्रवासाला नावं ठेवायच्या. आज बसमध्ये वन्सं खिडकीशी बसल्या आणि शेजारच्या सीटवरची आपली पिशवी उचलून त्यांनी मांडीवर घेतली. वहिनी तिथे बसली.

बस हलली तशा वन्संनी चपला काढल्या, पाय पोटाशी घेतले आणि पदर नीट केला.

"हं. आता सांग. तंत्रशाळेला पहिल्यांदा फोन केलास, त्या दिवशी मी घरात होते की नव्हते?"

"होतात."

"आणि तरी तुझं धाडस झालं?"

"तुम्ही वामकुक्षी करत होतात."

"वा. म्हणजे मी झोपायचीच वाट बघत होतीस."

"वन्सं, तुम्ही दुपारच्या झोपता कधी आणि उठता कधी? माणसाने बोलायचं तरी केव्हा?"

पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागे वळून पाहिलं. दोघींपैकी कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. आवाज चढत गेले. मध्येच वन्संनी डबा उघडून वहिनीपुढे धरला आणि तिने बदाम घेईपर्यंत आपला मुद्दा थांबवून ठेवला.

वहिनीचा फोन वाजला. मुलगी होती. वहिनी बोलायच्या आत वन्संनी तो तिच्या हातातून घेतला.

"येतोय गं, बसमध्ये आहोत. बाळ झोपलंय ना? झोपू दे." त्यांनी वहिनीकडे पाहिलं. "आता ठेव, मी तुझ्या आईशी बोलतेय."