गौरींच्या खोक्यावरचा नंबर

लॅपटॉप वसुंधराचा. ती गेल्यावर मी त्याला हात लावला नव्हता, आणि लावला तेव्हा तो सुरूच होईना.

वसुंधरा घरी मशीनवर भरतकाम करायची. नक्षी लॅपटॉपवर काढायची, मग मशीन ती कापडावर भरायचं. अनुष्काच्या लग्नाचा अंतरपाट तिनेच भरायचा ठरवला होता. नक्षी झाली, कापड आणलं, आणि ती गेली. आमच्याकडे लग्न वर्षाच्या आत करतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. आम्ही थांबलो नाही. अंतरपाट बाजारात मिळतो, पण लेकीला आईचाच हवा होता. मलाही.

पनवेल स्टेशनजवळ शाहीदचं रिपेरिंगचं दुकान आहे. त्याने मदरबोर्ड बदलला. लॅपटॉप सुरू झाला, पण भरतकामाचं सॉफ्टवेअर उघडेना. या कॉम्प्युटरला ओळखत नाही म्हणे.

"काका, सॉफ्टवेअर लॅपटॉपचा सिरीयल नंबर बघतं, आणि नव्या बोर्डात तो नसतो," शाहीद म्हणाला. "जुनाच त्यात भरायचा. पण या बोर्डात एकदाच भरता येतो. चुकला तर संपलं."

"मग खालच्या स्टिकरवर बघ."

त्याने लॅपटॉप उलटा केला. दर दसऱ्याला वसुंधरा त्याची पूजा करायची. झाकणावर डाग नको म्हणून हळदकुंकू पोटावर लावायची, नेमकं स्टिकरवर. नंतर ओल्या फडक्याने घासून पुसायची.

"काकूंनी मनापासून पूजा केलीय," शाहीद म्हणाला. "शेवटचे आकडे गेले. खोकं ठेवलंय का? त्यावरही नंबर असतो."

"ठेवलंय. त्यात गौरी आहेत."

खोक्यातल्या फोममध्ये गौरींचे मुखवटे छान बसतात. यंदा आमच्याकडे सण नाही, म्हणून ते रोडपालीला थोरल्या भावाकडे दिलं होतं. किशोरीवहिनींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"भावजी, बांधलेल्या गौरी मी भाद्रपदाशिवाय सोडत नाही."

"खोकं उघडायचं नाही, वहिनी. बाहेरचा कागद बघायचाय."

"वर वसुंधराची साडी बांधलीय. ती सोडावीच लागेल ना?"

शाहीद फोनकडे वाकला. "चाची, फक्त फोटो पाठवा. गौरींना कळणार पण नाही."

"हा कोण शहाणा?"

"लॅपटॉपवाला. वहिनी, वसुंधराचा अंतरपाट अडकलाय त्यात."



"असं आधी सांगायचं. हळदकुंकू वाहते, माफी मागते, मग सोडते. आणि त्याला सांगा, गौरींना सगळं कळतं."

फोटो आला. मी एकेक आकडा वाचला, शाहीदने भरला. मग त्याने वाचलं आणि मी फोटोशी ताडून पाहिलं.

"दाबू?"

"थांब. परत एकदा वाच."

त्याने वाचलं, मग दाबलं. लॅपटॉप बंद होऊन सुरू झाला. सॉफ्टवेअर मुकाट उघडलं.

संध्याकाळी अनुष्काने नक्षी उघडली. मधे स्वस्तिक, दोन्ही बाजूंना वेल. वेल पोपटी.

"बाबा, पोपटी नको म्हणून मी आईशी भांडले होते. तिने तोच घातलाय."

"बदलता येतो ना?"

"एका क्लिकचं काम आहे."

ती पडद्याकडे बघत बसली. मग उठली आणि दोऱ्यांचा डबा उपसायला लागली.

"हट्टी बाई," ती म्हणाली आणि पोपटी रीळ माझ्या हातात दिलं. "चष्मा लावा, सुई ओवा."