दुसऱ्यांच्या वेळेतली खोली

गल्लीत सगळे तिला टेलरबाई म्हणत. हाताखालच्या दोघी कारखान्यात कामाला गेल्या आणि पुढच्या खोलीतली तीन शिलाई मशिनं धूळ खात पडली. नवरा परगावी नोकरीला, घरात ती आणि सासूबाई.

नणंद म्हणाली, "वहिनी, खोली ॲपवर टाका की. ज्यांच्याकडे मशीन नाही त्या तासावर येऊन शिवतील. मग तुम्ही उद्योजिका!"

"उद्योजिका कसली वन्सं, आधी बॉबिन तरी भरू द्या," टेलरबाई हसली. पण तिने नाव नोंदवलं. ॲपच्या कंपनीचा माणूस आला आणि खोलीच्या गल्लीकडच्या एकुलत्या एका दाराला आकड्यांचं कुलूप बसवून गेला.

सुरुवातीला छान चाललं. एक जण गणवेश शिवायची, एक पिशव्या. सासूबाईंना सोबत झाली. उजेडासाठी त्या दिवसभर तिथेच बसत, काज करत, येणारीची खोदून खोदून चौकशी करत. मग फोनवर सूचना यायला लागल्या. वेळा यापुढे कंपनी ठरवणार. मालकिणीची वेळ सकाळी सहा ते आठ. हातातलं काम न सोडता टेलरबाई 'मान्य' दाबायची.

एका दुपारी ती बाजारातून आली, आकडे दाबले. लाल दिवा. पुन्हा दाबले. लाल. आत मशीन धडधडत होतं.

"कोण आहे आत? दार उघडा."

"माझी वेळ चालू आहे," पुरुषाचा आवाज आला. "यादीत आत्ता माझंच नाव आहे."

"अहो, खोली माझी आहे! सासूबाई आहेत आत."

"आजी झोपल्यात. मध्येच दार उघडलं तर मला पुढची वेळ मिळत नाही हो. पाऊण तास थांबा."

"आई! अहो आई!"

एरवी सासूबाई टाचणी पडली तरी जाग्या होत. आता ओ आली नाही. टेलरबाईने कंपनीला फोन लावला. गोड आवाजात उत्तर मिळालं, "आपण सध्या या जागेच्या वापरकर्त्या नाही."

तिने शेजारच्या सुताराकडून हातोडा आणला. चौथ्या घावाला कुलूप निखळलं.

सासूबाई खुर्चीत कलंडल्या होत्या. डोळे उघडे, तोंड वाकडं. अर्धवट शिवलेली बाही हातात धरून तो माणूस उभा राहिला. "मला खरंच वाटलं, झोपल्यात," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

जीव वाचला. उजवी बाजू गेली, वाचाही. डॉक्टर म्हणाले, "तासभर आधी आणलं असतं तर..." आणि त्यांनी कागदात डोकं घातलं.

सासूबाईंना घरी आणल्यावर टेलरबाईने ॲपवरून नाव काढायला घेतलं. उत्तर आलं: लोकांनी आधीच घेतलेल्या एकेचाळीस वेळा पूर्ण झाल्यावरच नाव निघेल. दुसऱ्या सकाळी दारात एक बाई कापलेल्या कापडाचं गाठोडं घेऊन उभी होती.

"ताई, नऊची वेळ माझी आहे. आज माल दिला नाही तर हे काम हातचं जाईल."

टेलरबाईला नाही म्हणवेना. तिने मशीनवरचं कापड काढलं.

दुपारी कंपनीचा माणूस नवं कुलूप घेऊन आला. "खोलीला फार मागणी आहे तुमच्या," तो कौतुकाने म्हणाला. ते बसवून झाल्यावर तो घराच्या मागच्या खोलीकडे वळला आणि चौकटीला मोजायचा टेप लावू लागला.

"तिथे सासूबाई आहेत," टेलरबाई म्हणाली.

त्याने आत डोकावून पाहिलं, खाटेवरच्या देहाकडे, खिडकीकडे. मग स्क्रीनवर काहीतरी टिपलं.

"सध्या," तो म्हणाला.

टेलरबाई त्याला ओलांडून आत गेली, दार लावून कडी घातली आणि पाठ टेकून उभी राहिली. बाहेर पावलं हलली नाहीत. थोड्या वेळाने चौकटीवर टेप पुन्हा सरकल्याचा आवाज आला.